दोन बोटं गाळ

मंगळवार, ३ सप्टेंबर

पाऊस शनिवारी थांबला. आज मंगळवार उजाडला तरी तळ्यात गुडघाभर पाणी. दोन दिवसांत जिरायला हवं होतं. नियमच आहे तसा, आणि शहराच्या निचरा विभागात बसून तो नियम मीच लिहिलाय, त्यामुळे भांडायचं तरी कोणाशी?

ही वही नवऱ्याने आणून दिली. म्हणाला, "अगं, दिवसभर माझ्या कानाशी जे चालतं ते थोडं कागदाशी चालू दे." आणि स्वतः शब्दकोडं घेऊन बसला. हा माणूस खुर्चीत बसला की खुर्चीलाही कळतं, आता संध्याकाळपर्यंत सुटका नाही.

तळं म्हणजे काही कमळंबिमळं असलेलं तळं नव्हे. आमच्या इमारतीसमोरचा मोठा, उथळ खड्डा. चढावरच्या सगळ्या रस्त्यांचं पावसाचं पाणी पाइपातून इथे येतं, वाळूच्या तळातून जमिनीत पाझरतं आणि खड्डा पुन्हा कोरडा. म्हणून पाझरतळं. लोक त्याला खड्डाच म्हणतात आणि सध्या बरोबरच म्हणतात.

पाणी खाली जाईना की ते आजूबाजूला वाट शोधतं. काठाच्या मातीतून झिरपत आमच्या तळघरात येतं, आणि तळघरात माझी धाकटी बहीण बसते. व्हायोलिनं दुरुस्त करते, राहतेही तिथेच. खोली अर्धी जमिनीखाली, खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फक्त बूट दिसतात. दोन वर्षांपूर्वी तिचं जुनं दुकान पाडलं तेव्हा ही जागा मीच धावपळ करून मिळवून दिली. मी तिसऱ्या मजल्यावर, ती खाली. जिन्यात उभं राहून हाक मारली की ओ देईल इतकी जवळ.

आज तिच्या फरशीवर पाणी आलं. फार नाही, फडक्याने पुसण्याइतकं. पण या वर्षातली दुसरी वेळ. पुसत पुसत म्हणाली, "ताई, ऑक्टोबरात मोठा पाऊस लागेल. तेव्हा असं झालं तर मला इथे राहता येणार नाही. माझं सामान असतं तर चाललं असतं गं, लोकांची वाद्यं आहेत."

ती जाणार? म्हणजे कुठे? कोणाच्या भरवशावर? "मी आहे ना!" म्हटलं. "ऑक्टोबरच्या आत ते तळं पाणी प्यायला लागलं नाही तर बघ." ती पिळलेलं फडकं झटकत बसली. लहानपणी आम्ही तिला गोगलगाय म्हणायचो आणि ती मला भिंगरी. अजून तेच चालू आहे. भिंगरी नसती तर गोगलगायीचं काय झालं असतं, देव जाणे.

गुरुवार, ५ सप्टेंबर

पंप लावून तळं उपसलं. दुपारी तळ दिसला. करडा, गुळगुळीत, बुटाला सोडायला तयार नसलेला गाळ. कडेला उकिडवी बसले आणि खुरप्याने एक चौकोन कापला. दोन बोटं गाळ. फक्त दोन बोटं! आणि त्याच्याखाली वाळू कोरडी. ठणठणीत कोरडी, मुठीतून सुळकन सांडणारी. वर इतके दिवस पाणी साचून राहिलं आणि खाली वाळूला त्याचा पत्ताही नाही. हे सगळं मी शिकलेय, लोकांना शिकवलंयही, तरी हातात घेऊन बघितल्यावर चिडचिड झाली. एवढासा पापुद्रा आणि एवढं मोठं तळं ठप्प!

गाळ आला कुठून ते बघायला पाइपाच्या रेघेने चढ चढून गेले. वर नवी इमारत होतेय. ट्रक चाकांनी माती घेऊन बाहेर पडतात, ती रस्त्यावर सांडते, पाऊस ती धुतो आणि माझ्या तळ्यात आणून टाकतो. तळ्याच्या तोंडाशी एक छोटा गाळखड्डा असतो, माती तिथेच बसावी आणि पुढे नुसतं पाणी जावं म्हणून. तो काठोकाठ भरलेला. वर गवत, गवतात पिवळी फुलं. सुंदर दिसत होतं, काय सांगू!

बांधकामावरच्या इंजिनिअरला झाडलं. तो म्हणाला, "मॅडम, पाऊस काही आम्ही पाडत नाही." मी म्हटलं, "माती तर तुम्हीच पाडता ना?" ट्रकची चाकं धुणार, मातीच्या ढिगाभोवती बांध घालणार, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं.

मध्ये मध्ये बहिणीकडे चार-पाच चकरा झाल्या. तिची खालची मांडणी उचलून वर ठेवली, टेबल खिडकीपासून आत ओढलं, पायपुसणी वाळत टाकली. सरसाचं भांडं शेगडीवर होतं, ते माझ्या कोपराने कलंडलं.

"ताई, राहू दे. मी करते."

"तू कधी करणार? तुला एक खुंटी बसवायला सकाळ लागते."

ती हसली. सांडलेला सरस खरवडत बसली. संध्याकाळी पाहते तर टेबल पुन्हा खिडकीशी. तिथे उजेड येतो म्हणे. उजेडाचं काय घेऊन बसलीस, म्हटलं, दिवा लाव की.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

मातीमास्तरांना बोलावलं. आमच्या विभागात माती तपासतात. दर वर्षी निवृत्त होणार म्हणून आम्ही त्यांना निरोप द्यायची तयारी करतो आणि दर वर्षी त्यांना मुदतवाढ मिळते. लोखंडाची दोन गोल कडी, एकात एक, त्यांनी तळात ठोकली. दोन्हींत पाणी भरायचं आणि आतलं पाणी किती खाली जातं ते बघत बसायचं. इतकंच. मला असल्या कामाची मनस्वी चीड आहे.

सकाळपासून दुपारपर्यंत पाणी होतं तिथेच. एक माशी त्यात पडली, पोहली, काठावर आली, पंख वाळवून उडून गेली. पाणी तिथेच. मास्तरांनी मध्ये एक झोप काढली.

"आता काय करायचं, मास्तर?"

"काही नाही."

"म्हणजे?"

"उन्हं चांगली आहेत. गाळ सुकू द्या. सुकला की तडकेल, तडकला की कडा आपोआप वर येतील, भिंतीवरच्या जुन्या रंगासारख्या. मग दाताळ्याने ओढायचं. अख्खे तुकडे उचलून येतात, वाळूला धक्का नाही. तोवर तळात मशीन नाही आणि उगाच पायही नाही. तुमच्याच पुस्तिकेत आहे, मॅडम."

"माहितेय मला."

"पान सांगू का?"

"नको!"

मंगळवार, १० सप्टेंबर

काही न करणं हे किती कष्टाचं काम आहे! सकाळी ऑफिसला जाताना तळं बघते, जेवायच्या सुट्टीत रिक्षाने येऊन बघते, संध्याकाळी बघते. गाळाचा रंग कडेने फिकट झालाय, मध्ये अजून ओला. शेजारच्या बाई विचारत होत्या, काही हरवलंय का.

तळं झालं की बहिणीकडे डोकावते. आज ती फोनवर होती. मी आत गेले तशी "नंतर बोलते" म्हणून ठेवला. कोपऱ्यात पुठ्ठ्याचे खोके आणून ठेवलेत. चला, म्हणजे माझं बोलणं कानात शिरतं तर! किती दिवस सांगतेय, सामान जमिनीवर ठेवू नकोस, खोक्यांत भर आणि वर चढव. मग म्हणाली, "ताई, जुन्या बाजाराकडे कुठली बस जाते?" सांगितली. कुठे उतरायचं, कुठल्या दाराने उतरायचं, परत येताना कुठे उभं राहायचं, तेही सांगितलं. वर माझी छत्री दिली. तिच्याकडे छत्री होती, पण तिच्या छत्रीची एक काडी वाकडी आहे. खिळे नाहीतर वार्निश आणायला जात असेल, दुसरं काय.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

आज दुपारी एक सर आली. फक्त एक, पाव तासाची. तळ पुन्हा लोण्यासारखा मऊ. आठवडाभराचं वाळणं वाया गेलं. वर हवामानवाले सांगतात, महिनाअखेरीला जोराचा पाऊस. जीव असा टांगणीला लागलाय की हातातला घास तोंडात जाईना.

नवऱ्याला म्हटलं, "अहो, वाट बघत बसलो तर ती जाईल."

त्याने कोड्यातून मान वर केली. "तिला विचारलंस का, जाणार आहे का म्हणून?"

"विचारायचं काय त्यात? ती म्हणालीच की, पाणी आलं तर जाईन."

"हं," म्हणाला. या माणसाच्या 'हं'चा अर्थ लावण्यात माझी निम्मी हयात गेली.

शनिवार, १४ सप्टेंबर

मशीन बोलावली. हो, बोलावली! सुट्टीचा दिवस, ऑफिसातलं कोणी फिरकणार नाही, मास्तर तर नाहीच. मशीनवाला काठावर उभा राहून म्हणाला, "मॅडम, ओलं आहे, चाकं रुततील." म्हटलं, "तुम्ही हळू चालवा, मी बघते."

सकाळपासून चालू होतं. एका बाजूने गाळ खरवडत नेला, दुसऱ्या बाजूला ढीग, ढीग ट्रकमध्ये. मग मीच म्हटलं, आता चाकांचे चर दिसतायत ते सपाट करून टाका. दुपारी बघितलं तर काय तळ दिसत होता! सपाट, स्वच्छ, एक खडा इकडचा तिकडे नाही. इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. नवरा गॅलरीतून ओरडला, "जाळी बांध, बॅडमिंटन खेळू." खुशाल चेष्टा करा म्हटलं.

बहिणीने खिडकी लावून घेतली होती. आवाजात तिला सूर लावता येत नाहीत. मग ती कुलूप लावून कुठेतरी निघूनच गेली. मला तिला दाखवायचं होतं. संध्याकाळी तिला हाताला धरून काठावर नेलं. "बघ!" तिने बघितलं. "किती दमलीस गं ताई," म्हणाली आणि माझ्या केसांतला चिखल काढला. डोळे भरल्यासारखे वाटले तिचे. धुळीनेही असेल.

सोमवार, १६ सप्टेंबर

मास्तरांनी तीच कडी तळात ठोकली. आधी हसत होते, "तळ छानच वाळला की, मॅडम, इतक्यात?" कडी आत जाईनात. हातोडा घेऊन दोघांनी ठोकली. पाणी भरलं. थोड्या वेळाने ते हसायचे थांबले.

पहिल्यापेक्षा वाईट. आधी गाळाचा पापुद्रा तरी होता, काढला की खाली मोकळी वाळू. आता मशीनच्या वजनाने ओला गाळ वाळूत दाबला गेलाय आणि वरून चोपून गिलावा केल्यासारखा बसलाय. गिलावा मीच करवून घेतला. सपाट करा, सपाट करा, म्हणून मागे लागले होते.

मास्तरांनी विचारलं, "कोणी आणली मशीन?"

"मी."

त्यांनी पुस्तिकेचं नाव काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. घरी येऊन आंघोळ केली आणि पुन्हा तशीच केली. अंगावर काही नव्हतं, तरी.

बुधवार, १८ सप्टेंबर

आज फार वाईट दिवस. सगळं लिहून काढते.

सकाळी आभाळ भरून आलं. बहीण घरी नव्हती, पुन्हा जुन्या बाजाराकडे गेलेली. तळं आता थेंबभर पाणी पिणार नाही हे मला माहीत, तिला नाही. मी दुसरी किल्ली काढली, आत गेले आणि तिची सगळी व्हायोलिनं वर आमच्याकडे आणली. किती खेपा झाल्या ते सांगत नाही, गुडघे सांगतायत. आमच्या निजायच्या खोलीत पलंगावर ओळीने मांडली, ओल लागलेली असेल म्हणून हीटर लावला आणि दार बंद केलं. पाऊस आलाच नाही. आभाळ आलं तसं गेलं.

दुपारी ती आली. दार उघडलं, खोलीतली ऊब तिच्या तोंडावर आली आणि ती तशीच थिजली. धावत जाऊन हीटर बंद केला. एकेक वाद्य उचलून, फिरवून बघायला लागली. एकाचा सांधा उकलला होता. पाठीकडून, बोटभर.

"एकदम कोरडी हवा सोसत नाही त्यांना," म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवत नाहीच ती कधी.

"मला काय माहीत? पाऊस येणार होता!"

"मला विचारायचं होतंस."

"तू नव्हतीस."

"म्हणूनच, ताई. मी नव्हते, म्हणूनच आत जायचं नव्हतं."

"अगं, मी काय परकी आहे का?"

तिने उकललेल्या सांध्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "सांधा चिकटतो. सरसाने चिकटतो. त्याचं काही नाही." आणि एकेक करून सगळी खाली नेली. मला हात लावू दिला नाही. नवरा कोडं बाजूला ठेवून उठला आणि तिच्याबरोबर नेऊ लागला. त्याला नेऊ दिली.

मी स्वयंपाकघरात ओटा पुसत राहिले. रडू आलं. मी जे करते ते कोणासाठी करते? स्वतःसाठी का? तिच्यासाठीच ना?

शुक्रवार, २० सप्टेंबर

भांडण पाण्यामुळे झालं. पाणी नसतं तर आभाळाला घाबरून मी आत गेलेच नसते. तळं नीट झालं की तिचाही राग जाईल. सरळ हिशेब आहे.

मास्तरांना म्हटलं, चुकलं. आता सांगाल तसं. ते म्हणाले, आधी पूर्ण सुकू द्या, पूर्ण म्हणजे पूर्ण. मग माणसं लावून कुदळीने तो चोपलेला थर फोडायचा, उचलायचा, खालची वाळू भुसभुशीत करायची. माणसंही फळ्या टाकून फळ्यांवरच उभी राहतील. गाळखड्डा आधी रिकामा. "आणि तुम्ही," म्हणाले, "काम होईपर्यंत काठावरून."

आज घरी आले तर माझे गमबूट गायब. नवरा म्हणाला, "असतील कुठेतरी." कपाटावर ठेवलेत, मला दिसतायत. काढले नाहीत.

गुरुवार, २६ सप्टेंबर

तीन दिवस कुदळी चालल्या, आज काम संपलं. मी काठावर. फळ्यांवरून माणसं टोपल्यांनी ढेकळं बाहेर काढत होती. खालची वाळू पुन्हा दिसली तेव्हा इतका आनंद झाला की शेजारच्या बाईंना बोलावून दाखवली. त्या म्हणाल्या, "वाळू आहे." आहेच वाळू!

बहीण आता माझ्याशी फार गोड वागते. राग गेला असणार. आज जेवायला वर आली, स्वतःहून भांडी घासली, माझ्या हाताला तेल चोळून दिलं. मग नवऱ्याशी गॅलरीत हळू आवाजात काहीतरी बोलत उभी होती. मी गेले तशी दोघं गप्प. पुढच्या महिन्यात माझा वाढदिवस आहे, तेवढं कळतं मला. शिजवा काय शिजवायचं ते.

सोमवार, ३० सप्टेंबर

मोठा पाऊस अजून नाही. हवा कोंडल्यासारखी. ऑफिसात कागद इकडून तिकडे करते. तळ्याकडे बघायचं नाही असं ठरवलं की खिडकीकडे पाठ करून बसावं लागतं, आणि पाठ करून बसलं की मानेत कळ येते.

शनिवार, ५ ऑक्टोबर

काल दिवसभर धो धो कोसळला. तळं काठाला चार बोटं कमी इतकं भरलं. आज सकाळी उघडीप. उठल्या उठल्या गॅलरीत. पाणी खाली गेलेलं! काठावर ओली रेघ, पाणी तिच्याखाली हातभर. चहा घेऊन पुन्हा गेले, अजून खाली. दुपारी तर मधला तळ दिसायला लागला, वाळूत पाणी घुसताना बारीक बुडबुडे फुटत होते. पितंय! माझं तळं पाणी पितंय! मास्तरांना फोन केला, ते म्हणाले, "झोपा आता."

जिना धावतच उतरले. ओरडतच आत गेले, "कोरडं झालं! फरशी बघ, थेंब नाही!"

फरशीवर खरंच थेंब नव्हता. भिंतीवर एकही व्हायोलिन नव्हतं. खोके बांधून दाराशी लावलेले. ती टेबलाचे पाय सोडवत होती.

मला वाटलं, पावसाला घाबरून बांधलंय. "अगं वेडे, सोड ते सगळं. आता पाणी येणार नाही. कधीच येणार नाही. चल, दाखवते तुला."

"बघितलं मी मघाशी काठावरून," म्हणाली. "छान झालंय, ताई. खरंच."

"मग?"

"मी जुन्या बाजाराजवळ जागा घेतलीय. मागेच नक्की झालं होतं."

"पाण्यामुळेच ना? पण पाणी आता..."

"पाण्यामुळे नाही गं." तिने हातातला पाना खाली ठेवला. "पाणी दोनदा आलं. तू रोज येतेस."

मी पुन्हा कोरड्या फरशीकडे बघितलं. नंतर खूप सुचलं, तिथे सुचलं नाही.

"मला सांगायचं होतं. सांगितलं असतं तर तू माझ्या आधी तिथे पोचली असतीस, घरमालकाशी बोलली असतीस, मांडण्या ठोकल्या असत्यास. चांगल्याच ठोकल्या असत्यास." ती हसली आणि रडलीही. "माझं तुझ्यावर फार प्रेम आहे, ताई. पण मला इथे श्वास घ्यायला जागा उरत नाही."

टेम्पो आला. नवऱ्याने खोके चढवायला मदत केली. टेम्पोवाला कुठे मिळेल हे त्यानेच सांगितलं होतं तिला. मी जिन्याच्या पायरीवर बसून होते. मला कोणी काही करायला सांगितलं नाही.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

कृतघ्न. लिहूनच टाकते. ज्या बहिणीसाठी मी चिखलात लोळले तिने पाठीमागून खोके बांधले. आणि हा आमचा माणूस, एका ताटात जेवतो आणि तोंडाला कुलूप! त्याला म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"मला का नाही सांगितलं?"

"तिने सांगू नका म्हटलं होतं. कोणीतरी तिचं ऐकायला हवं होतं ना."

दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. त्याला फरक पडलेला दिसला नाही, कोडी मात्र भराभर सुटली.

रविवार, १३ ऑक्टोबर

पुन्हा पाऊस, पुन्हा तळं दुसऱ्या दिवशी कोरडं. विभागात सगळ्यांनी शाबासकी दिली. साहेब म्हणाले, आता बाकीची तळीही अशीच करायची. हो म्हटलं.

संध्याकाळी तळघरात जाऊन आले. जागा आता रिकामी. सवयीने पाय गेले, दुसरं काही नाही. खिडकीतून लोकांचे बूट जाताना दिसत होते. तिने एवढा वेळ इथे बसून हे बूट बघितले असतील, आणि त्यांत माझे किती वेळा दिसले असतील, याचा विचार करत बसले. माझी चाल तिला दुरून कळत असणार. बूट दिसल्यावर तिच्या पोटात काय होत असेल?

मी घाबरते, हे खरं आहे. ती लांब गेली की मला काही करता येणार नाही, याला घाबरते. असं लिहिल्यावर ते मूर्खासारखं दिसतंय. पण आहे.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

तिचा फोन. मी अडीच आठवडे केला नाही. बोटं शिवशिवायची, मग फोन पिठाच्या डब्यावर ठेवून बाहेर जायचे. म्हणाली, "रविवारी येतेस? आणि ताई, काही आणू नकोस. काहीही."

"अगं, पण तिथे तुला..."

"काहीही नाही."

बरं म्हटलं.

रविवार, २७ ऑक्टोबर

रिकाम्या हाताने बसमध्ये बसले तर हात कुठे ठेवायचे तेच कळेना. मांडीवर ठेवले. नवरा येत नाही म्हणाला, तुम्ही दोघी बोला.

दुसरा मजला, लांबट खोली. व्हायोलिनं भिंतीवर, टेबल मधोमध, जिथे मी कधीच ठेवलं नसतं तिथे. सगळीकडे लाकडाचा आणि सरसाचा वास. ती एका वाद्याची तारांखालची घोडी बसवत होती. मला म्हणाली, "बस, एवढं करते." मी स्टुलावर बसले. ती एवढंसं कातायची, लावून बघायची, काढायची, पुन्हा एवढंसं. मी तिला काम करताना इतका वेळ सलग कधी बघितलंच नव्हतं. बरीच हळू आहे. पण एकही हालचाल वाया जात नाही.

मग तिने चहा केला. कप हातात घेऊन मान वळवली आणि खिडकीखाली भिंतीवर मला ओल दिसली. तळहाताएवढी, कडेला रंग फुगलेला. कशाने ते बघताक्षणी कळलं. खिडकीची चौकट आतल्या बाजूला उतरती आहे, पावसाचं पाणी बाहेर जायच्या ऐवजी आत येतंय. सिमेंटचा एक हात मारायचा, बाहेरून उतार द्यायचा. सकाळभराचं काम. माणूसही माहितेय मला.

मी कप दोन्ही हातांनी धरला.

"कशी आहे जागा?" तिने विचारलं.

"छान आहे. हवेशीर आहे."

"आणि?"

"आणि काय? छान आहे."

तिने माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे. माझ्या कपाळावर घाम आला असणार. तिच्या ओठांच्या कडा हलल्या, पण हसली नाही.

"अजून थोडा चहा?"

"चालेल."

चहा ओतता ओतता म्हणाली, "पुढच्या रविवारी ये ना पुन्हा."

दोन वर्षं एका इमारतीत राहिलो, पण तिने मला कधी 'ये' म्हटल्याचं आठवत नाही. म्हणणार कधी? मी कायम तिथेच असायचे. येते म्हटलं.